रुग्ण भिक्षूच्या कोठडीपासून दीक्षाभूमीपर्यंत: ‘करुणा’ या शब्दाची पार्श्वभूमी

मराठीत ‘करुणा’ म्हटले की आधी डोळे पाणावतात. करुण कहाणी, करुण रस. शिवाय आपण देवाची करुणा भाकतो, आणि रामदासांच्या करुणाष्टकांतही भक्त रामाला आळवतो. म्हणजे आपल्याकडे हा शब्द बहुतेकदा मागणाऱ्याच्या तोंडी असतो. पाली ग्रंथांत मात्र तो समोरच्याचे दुःख पाहून उठणाऱ्या माणसाचा आहे. बौद्ध विचारातली करुणा समजून घ्यायची तर ही दिशा आधी बदलावी लागते.

विनयपिटक म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांचा पाली ग्रंथ; त्याच्या महावग्ग या भागातला एक प्रसंग मला या विषयाचा गाभा वाटतो. भगवान बुद्ध आपले शिष्य आनंद यांच्यासोबत भिक्षूंच्या निवासात फिरत असताना, अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला त्यांना दिसला. तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “नाही, भन्ते. मी भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझ्याकडे बघत नाहीत.” आनंदांनी पाणी आणले. बुद्धांनी ते ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजवले. नंतर संघाला बोलावून बुद्ध म्हणाले की तुमची काळजी घ्यायला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल, त्याने आजाऱ्याची करावी.

भिक्षूंना गावोगाव पाठवतानाही ‘बहुजनहिताय, बहुजनसुखाय’ याच्या जोडीला ‘लोकानुकंपाय’ हा शब्द येतो. अनुकंपा म्हणजे दुसऱ्याच्या कंपनासोबत आपलेही कंपित होणे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांत, म्हणजे मनाच्या चार उदात्त भावांत, करुणेला दुसरे स्थान आहे. तिथे ती ध्यानातून वाढवण्याची गोष्ट आहे: चित्त करुणेने भरून एकेका दिशेला पसरवायचे. म्हणजे करुणा ही जन्मजात मऊपणावर सोडलेली नव्हती, तिचा सराव होता.

पाचव्या शतकात श्रीलंकेत पाली ग्रंथांचे भाष्यकार बुद्धघोष यांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा साधनेवरचा ग्रंथ लिहिला. परदुःख दिसताच सज्जनांच्या हृदयाला कंप आणते ती करुणा, अशी व्युत्पत्ती ते देतात. पुढे ते करुणेचे दोन शत्रू सांगतात. दूरचा शत्रू क्रौर्य, हे कोणालाही पटेल. जवळचा शत्रू म्हणजे शोक. शोक दिसायला करुणेसारखाच असतो, म्हणून तो अधिक फसवतो. माणूस हळहळतो, खचतो आणि तिथेच थांबतो. दीड हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजही अंगावर येते. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली शिकण्यासाठी श्रीलंका आणि ब्रह्मदेशापर्यंत गेले, याच ग्रंथाचे त्यांनी संपादन केले आणि बुद्धांविषयी मराठीतून लिहिले. हा विचार मराठी वाचकापर्यंत येण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

बुद्धघोषांच्याही कितीतरी आधी, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात, अशोकाने हा भाव राज्यकारभारात आणला होता. गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी चिकित्सेची सोय, औषधी वनस्पतींची लागवड, वाटेवर विहिरी आणि झाडे यांचा उल्लेख आहे.

महायान या बौद्ध धर्माच्या पुढच्या काळातल्या पंथात करुणेला चेहरा मिळाला तो अवलोकितेश्वराचा, म्हणजे सर्वांच्या दुःखमुक्तीसाठी झटणाऱ्या एका बोधिसत्त्वाचा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे त्याचेच कमळधारी रूप, सर्वांनी पाहिलेला असतो, पण औरंगाबादच्या सातव्या लेण्यातले शिल्प मला अधिक बोलके वाटते. मध्ये बोधिसत्त्व आणि दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसे: आग, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, हत्ती. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातही हाच विषय कोरलेला आहे. व्यापारी वाटांवरच्या लोकांची रोजची भीती तिथे दगडात उतरली आहे. हाच अवलोकितेश्वर चीनमध्ये ग्वानयिन झाला, पुढे स्त्रीरूपात पुजला गेला आणि जपानात कान्नोन झाला.

विसाव्या शतकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा शब्द पुन्हा समाजाच्या मध्यभागी आणला. मे 1956 मधल्या बीबीसीवरच्या भाषणात, बौद्ध धम्म आपल्याला का आवडतो हे सांगताना त्यांनी प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे एकत्र मांडली. यात समता शेजारी आल्यामुळे करुणेत वरून खाली पाहण्याला जागाच राहत नाही, आणि जातीची उतरंड सोसलेल्या माणसांसाठी हा फरक जीवनमरणाचा होता. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात ते आणखी पुढे जातात: करुणा म्हणजे माणसांवरचे प्रेम, पण बुद्ध तिथे थांबले नाहीत, त्यांनी सर्व जीवांना कवेत घेणारी मैत्री शिकवली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो लोकांनी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही होती, आणि प्रज्ञा, शील, करुणा यांची सांगड घालून जगण्याचीही.