पेसमेकर आणि हार्ट फेल्युअर: ‘अडीच पट धोका’ आला कुठून?

परळ किंवा शीवच्या रुग्णालयात पेसमेकर तपासून घेतला की छापील कागद हातात मिळतो. त्यावर ‘व्हीपी’पुढे टक्केवारी असते, म्हणजे १०० ठोक्यांपैकी किती ठोके यंत्राने खालच्या कप्प्यात दिले. घरी कुणीतरी मोबाइलवर शोधतं, ‘४० टक्क्यांपुढे हार्ट फेल्युअरचा धोका अडीच पट’ हे वाचतं आणि सगळ्यांची झोप उडते. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडणं. हा आकडा कोणत्या रुग्णांवरून निघाला, ते आधी पाहायला हवं.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आके सेनिंग यांनी रुने एल्मक्विस्ट यांचा पेसमेकर पहिल्यांदा पूर्णपणे शरीराच्या आत बसवला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे शिरेतून तार सोडायची पद्धत आली. उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी तार पटकन पोचते आणि टिकते, म्हणून तीच जागा रूढ झाली.

निसर्गाची वाट मात्र वेगळी. विद्युतलहर हिस बंडलमधून, म्हणजे वरून खाली लहर नेणाऱ्या तंतूंच्या जुडीतून, दोन फांद्यांत उतरते आणि दोन्ही बाजू जवळजवळ एकदम आकुंचन पावतात. टोकाशी दिलेला ठोका स्नायूतून हळूहळू पसरतो. मधला पडदा आधी आवळतो, डावीकडची बाहेरची भिंत उशिरा. वर्षानुवर्षं असं चाललं की काही हृदयांची, सगळ्यांची नव्हे, पंपाची ताकद घटते.

हे ठळक झालं ते २००२च्या ‘डेव्हिड’ अभ्यासात. त्यातल्या ५०६ रुग्णांना शॉक देणारं यंत्र होतं, पंप आधीच कमजोर होता आणि पेसिंगची, म्हणजे यंत्राच्या ठोक्यांची, गरज नव्हती. यंत्र गरजेपुरतंच, मिनिटाला ४० ठोक्यांवर ठेवलेल्यांपैकी ८३.९ टक्के जण वर्षभर मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरच्या भरतीपासून दूर राहिले. ७० ठोक्यांवर वरचा आणि खालचा असे दोन्ही कप्पे चालवलेल्यांत हे प्रमाण ७३.३ टक्के.

‘अडीच पट’ आला २००३मध्ये, ‘मोस्ट’ चाचणीच्या विश्लेषणातून. हे रुग्ण सायनस नोडच्या, म्हणजे हृदयाचा ठोका जिथून सुरू होतो त्या जागेच्या, आजाराचे. वरून खाली जाणारी वाट बहुतेकांची शाबूत. ड्युअल चेंबर (वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही कप्प्यांत तार असलेल्या) यंत्रात ४० टक्क्यांपुढे पेसिंग झालेल्यांत भरतीचा धोका २.६ पट निघाला. पण पेसिंग किती व्हावं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. ज्यांची वाट आतून बिघडत होती त्यांनाच ते जास्त लागलं असेल, ही शंका उरतेच. शिवाय पट म्हणजे टक्के नव्हेत: शंभरात ४ जणांचे १० झाले तरी ‘अडीच पट’च.

वाट शाबूत असेल तर उपाय बहुधा सेटिंगमध्येच असतो. वरच्या ठोक्यानंतर यंत्र किती मिलिसेकंद थांबतं, तो काळ आखूड असेल तर हृदयाचा स्वतःचा ठोका पोचण्याआधीच यंत्र घाई करतं. तो वाढवला की व्हीपी उतरतो. फार ताणला तर वरच्या-खालच्या कप्प्यांचा मेळ बिघडून झडप गळू शकते.

पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये, म्हणजे लहरीची वरून खाली जाणारी वाटच बंद असेल तेव्हा, व्हीपी ९९ टक्के येणारच, आणि त्या रुग्णाचा जीव त्याच ठोक्यांवर असतो. तिथे प्रश्न तार कुठे टेकवायची हा. ‘ब्लॉक एचएफ’ चाचणीने २०१३मध्ये दाखवलं, की ब्लॉकसोबत इजेक्शन फ्रॅक्शन (डावा खालचा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो) ५० टक्के किंवा कमी असेल तर दोन्ही खालचे कप्पे एकत्र चालवणं सरस ठरतं. डाव्या बंडल फांदीशी तार नेण्याची पद्धत २०१७नंतर पसरली.

म्हणून बसवण्याआधीचा टूडी इको फाइलमध्ये जपून ठेवावा. नंतर धाप वाढली किंवा पायांवर सूज आली, तर तपासणीच्या तारखेपर्यंत न थांबता नवा इको काढून दोन्ही इजेक्शन फ्रॅक्शन शेजारी ठेवून पाहावेत.