वाइनचे गुण कसे वाचावेत : संग्राहक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘९५ च्या वरचं काही आहे का?’ लंडनमधल्या आमच्या छोट्या वाइन-पेढीत येणाऱ्या मराठी ग्राहकांचा हा नेहमीचा प्रश्न. त्यात चूक काही नाही. फ्रान्समधल्या एकट्या बोर्दो भागात हजारो शातो (म्हणजे द्राक्षमळे आणि वाइन बनवणारी घराणी), प्रत्येकाची दर सालची वाइन वेगळी, आणि पेटी घेण्याआधी चाखून बघायची सोय नाही. अशा वेळी ज्यांनी चाखली आहे त्यांचं मत घ्यायलाच हवं. फक्त ते ९५ कोणी दिले, केव्हा दिले आणि काय चाखून दिले, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नका.

शंभरापैकी, पण सुरुवात पन्नासपासून

आज सगळीकडे दिसणारी शंभर गुणांची पद्धत रूढ केली रॉबर्ट पार्कर यांनी. मेरीलँडमधल्या या वकिलाने १९७८ मध्ये ‘द वाइन ॲडव्होकेट’ हे वाइन-समीक्षेचं नियतकालिक सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक वाइनला ५० गुण आधीच मिळतात. पुढे रंगरूपाला ५, वासाला १५, चव आणि ती तोंडात किती रेंगाळते याला २०, आणि एकूण दर्जा व मुरण्याची ताकद यांना १०. म्हणजे खरी परीक्षा पन्नासच गुणांची. दहावीच्या निकालाची सवय असलेल्या आपल्याला ८५ म्हणजे पेढे वाटण्याजोगे गुण वाटतात. इथे ८० ते ८९ म्हणजे ‘बरी ते खूप चांगली’, ९० पासून ‘उत्कृष्ट’ आणि ९६ पासून ‘असामान्य’. संग्राहकांच्या बाजारात ९० च्या खालच्या वाइनला सहसा कोणी विचारत नाही.

पार्कर यांचा शब्द वजनदार झाला तो १९८२ च्या बोर्दोमुळे. द्राक्षं फार पिकली आहेत, ही वाइन टिकायची नाही, असं काही जाणकार म्हणत असताना त्यांनी ते साल डोक्यावर घेतलं. काळाने त्यांची बाजू खरी ठरवली आणि ज्यांनी तेव्हा पेट्या घेतल्या त्यांचं उखळ पांढरं झालं. पुढची दोन-तीन दशकं बोर्दोचे भाव त्यांच्या आकड्यावर हलत राहिले. २०१९ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांची जागा कोणा एकाने घेतलेली नाही आणि आमच्या मते ते बरंच झालं. आता ‘वाइन ॲडव्होकेट’ची नवी मंडळी आहेत, अँटोनियो गलोनी यांचं ‘व्हिनस’ आहे, फ्रान्सच्याच बर्गंडी भागातल्या वाइनसाठी ‘बर्गहाउंड’ आहे, आणि वीसपैकी गुण देणाऱ्या ब्रिटिश समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन आहेत.

वीसच्या गुणांना पाचने गुणू नका. रॉबिन्सन यांचे १७ म्हणजे ८५ नव्हेत. ती भरघोस शाबासकी आहे. १८ तर त्या हात राखूनच देतात.

एकच वाइन, दोन निकाल

बोर्दोच्या सेंट-एमिलियों भागातल्या शातो पावीची २००३ ची वाइन घ्या. त्या वर्षी युरोप उन्हाने होरपळला होता आणि द्राक्षं भलतीच पिकली. पार्कर यांनी या वाइनला शंभराच्या अगदी जवळचे गुण दिले. रॉबिन्सन यांनी दिले वीसपैकी १२, म्हणजे त्यांच्या मोजपट्टीवर सदोष किंवा तोल गेलेली वाइन. २००४ मध्ये यावरून जाहीर वाद झाला.

खोटं कोणीच बोलत नव्हतं. पार्कर यांना दाट, पिकल्या फळांनी भरलेली, अंगाने भारदस्त वाइन आवडते. रॉबिन्सन यांना ताजेपणा आणि तोल हवा असतो. तुमची जीभ कोणाच्या बाजूची आहे, ते तुम्हीच शोधायचं. त्यासाठी महागडी बाटली लागत नाही. बेताच्या किमतीची अशी वाइन घ्या जिच्याबद्दल दोन समीक्षकांचं पटत नाही. आधी बाटली उघडा, काय वाटतं ते दोन ओळींत लिहून ठेवा, मग त्यांची टिपणं वाचा. दोन-चार बाटल्यांत कोणाचं बोट धरायचं ते कळतं. आमच्याकडे अशा जोड्या काढून ठेवलेल्या असतात. मागितल्या की देतो.

पिंपातले गुण आणि बाटलीतले गुण

आमच्या ग्राहकांची सगळ्यात जास्त गफलत इथे होते. बोर्दोत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षं उतरतात. पुढच्या वसंतात समीक्षक आणि व्यापारी तिथे जमतात आणि ओकच्या पिंपांतून काढलेले नमुने चाखतात. वाइन तेव्हा कोवळी असते, तुरटपणा जीभ सोलून काढतो, दात जांभळे होतात. एकेक समीक्षक दिवसात डझनावारी नमुने तोंडात घोळवून थुंकत असतो. त्यावरून गुण जाहीर होतात, शातो भाव काढतात आणि विक्री सुरू होते. यालाच ‘आं प्रिमर’ म्हणतात. तुम्ही आज पैसे भरता; वाइन बाटलीत भरून हातात यायला आणखी दीड-दोन वर्षं जातात.

म्हणून पिंपातले गुण बहुधा ‘९४–९६’ असे पल्ल्यात लिहितात. त्याचा अर्थ : ‘आज एवढं दिसतंय, बाटलीत आल्यावर पुन्हा बघू.’ जाहिरातीत मात्र पुष्कळदा वरचा आकडा तेवढा छापतात. नमुना हा शातोने स्वतः तयार केलेला असतो, अंतिम मिश्रणात फरक पडू शकतो, आणि सकाळी काढलेला नमुना दुपारपर्यंत उतरतो. तेव्हा पल्ला दिसला तर खालचा आकडा धरून चाला. बाटलीतले गुण आल्यावर भाव तेवढाच राहिलेला दिसला, तर आधी पैसे अडकवून तुम्ही काय मिळवलंत? शातो लातूरने तर २०१२ साली ‘आं प्रिमर’ विक्री बंदच केली. वाइन आता ते स्वतःच्या तळघरात ठेवतात आणि त्यांना वाटेल तेव्हा बाजारात आणतात.

गुण आणि भाव

८९ आणि ९० मध्ये जिभेला कळेल असा फरक नसतो, बाजारात मात्र असतो. कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळाव्यातल्या वाइन-स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना त्यांच्या नकळत एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. गुणांत साधारण चार इकडे किंवा चार तिकडे असा फरक पडला; आपल्याच मताशी ठाम राहिलेले परीक्षक जेमतेम दहा टक्के. हे स्पर्धेचे परीक्षक होते, एकाच प्रदेशात आयुष्य घालवलेले समीक्षक नव्हेत. तरी एका गुणासाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी हे आठवावं. प्यायला घेत असाल तर ९१-९२ च्या पट्ट्यात शोधा, पैसे तिथे वसूल होतात. ९८ आणि १०० मध्ये तुम्ही आकड्याचीही किंमत देता.

गुणांनी चांगलंही पुष्कळ केलं. बोर्दोच्या शातोंची पाच श्रेणींची जुनी उतरंड १८५५ ची. तिच्यात शातो लिंच-बाज पाचव्या श्रेणीत आहे, पण वर्षानुवर्षं चांगले गुण मिळाल्याने ते वरच्या श्रेणीच्या भावाने विकलं जातं. त्या उतरंडीच्या पहिल्या श्रेणीत नंतर शिरलं ते एकटं मूटों रोथशील्ड, १९७३ मध्ये.

जन्मसालची बाटली

मुलाच्या किंवा मुलीच्या जन्मसालची वाइन लग्नात उघडायची, ही हौस आता आपल्यातही आली आहे. इथे शातोचं नाव नंतर, साल आधी बघा. २०१३ चा जन्म असेल तर बोर्दोच्या मागे लागू नका. ते साल तिथे गारठ्याचं आणि पावसाचं गेलं. त्याच साली कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात मात्र कॅबर्ने जातीची काळी द्राक्षं फार सुंदर पिकली. समीक्षकाच्या टिपणाखाली ‘२०२८–२०४५’ असा काळ दिलेला असतो, म्हणजे ही वाइन कधी प्यावी याचा अंदाज. लग्नासाठी घेत असाल तर गुणांच्याही आधी तो वाचा. दुकानाच्या फळीवरची गुणांची चिठ्ठीही नीट बघावी. २०१६ चे गुण आणि खाली २०१७ ची बाटली, असा प्रकार होतो.

गुण काय सांगत नाहीत

समीक्षक जेवणाबरोबर चाखत नाही. ९७ गुणांची तुरट कॅबर्ने तांबड्या रश्श्याशेजारी ठेवलीत तर तिखट आणि टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारा घटक) एकमेकांना चढवतील आणि दोन्हींची मजा जाईल. तिथे रीसलिंग द्राक्षांची जराशी गोडसर पांढरी वाइन घ्या, गुण ९० असले तरी.

बाटली कशी ठेवली होती, हेही गुणांत येत नाही. १२-१३ अंश तापमान, अंधार, आडवी बाटली, बेताची ओल : हे सांभाळलं नसेल तर शंभर गुणही वाया. पुण्याला नेणार असाल तर प्रवाशाला फक्त दोन लिटरपर्यंत मद्य विनाशुल्क नेता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. मेच्या उन्हात त्या माळ्यावर टाकू नका. पेटी इथल्या बाँडेड गोदामात राहू दिलीत तर ती बाहेर काढेपर्यंत उत्पादन शुल्क आणि व्हॅट भरावा लागत नाही, आणि पुढे विकताना कागदपत्रं स्वच्छ असतात. महागड्या वाइनमध्ये नकलाही फिरतात. रुडी कुर्नियावानला २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरवलं ते याच धंद्यासाठी.

मागणी कळवताना एवढं लिहा : प्यायला की जपायला, साधारण कोणत्या साली उघडणार, आधी आवडलेल्या दोन-तीन वाइन आणि एका बाटलीमागे किती खर्चायची तयारी आहे. यादीत प्रत्येक वाइनसमोर समीक्षकाचं नाव, चाखल्याचं साल आणि पिंप की बाटली हे आम्ही लिहून देतो. जिथे दोन समीक्षकांचं पटत नाही, तिथे दोघांचेही गुण देतो.