रेडिएटरचा फॅन फिरत नाही: मोटर गेली, की करंटच येत नाही?

घाटातल्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकते, काटा लाल पट्टीकडे सरकतो, बॉनेट उघडून पाहावं तर फॅन जागचा हललेला नाही. गॅरेजमध्ये निदान बहुधा दोन शब्दांत होतं: मोटर गेली. नवी फॅन असेंब्ली बसते, हजारो रुपये जातात आणि आठवड्याभरात फॅन पुन्हा बंद पडतो. बंद फॅनमागे दोन वेगळी दुखणी असतात आणि बाहेरून ती हुबेहूब सारखी दिसतात. एकात मोटर मेलेली असते. दुसऱ्यात मोटर ठणठणीत असते, तिच्यापर्यंत करंट पोचत नाही.

आधी एक फुकटची चाचणी. थंड इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात फॅन सुरू होतो, इंजिन तापायची वाट पाहत नाही. एसीवर फिरणारा फॅन इंजिन तापल्यावर फिरत नसेल, तर मोटरला दोष देऊच नका. गाडीला दोन फॅन असतील तर मात्र कोणता फिरला ते नीट बघा.

एसीवरही फिरला नाही, तर मोटरला बॅटरीचा करंट थेट देऊन पाहायचं. इंजिन थंड होऊ द्या, किल्ली काढा. तापलेल्या इंजिनावर किल्ली बंद असतानाही फॅन अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बोटं आणि बाही पात्यांपासून लांब. मोटरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढा. बॅटरीच्या प्लसवरून अडीच स्क्वेअर एमएमची वायर, मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज, आणि मायनसवरून दुसरी वायर मोटरच्या दोन पिनांना लावा. प्लस-मायनस उलटलं तर फॅन फिरेल, पण हवा उलट्या दिशेला फेकेल. ही चाचणी फक्त दोन पिनांच्या साध्या मोटरसाठी आहे. तीन-चार वायरींच्या फॅनवर कंट्रोल मॉड्यूल असू शकतं, तिथे सिग्नलच्या पिनेला बॅटरी लावली तर मॉड्यूल जळेल.

फॅन जोरात फिरला, तर मोटर चांगली. ठिणगी पडली पण फॅन हलला नाही, तर बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो तो भाग) जाम आहे किंवा पात्यात काही अडकलंय. ठिणगीही नाही, तर बहुधा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत. अशा मोटरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकलं की कधीकधी ती फिरू लागते, पण तो जेमतेम घरी पोचण्यापुरता उपाय.

मोटर चांगली निघाली की मोर्चा कपलरकडे. इथे मल्टिमीटर फसवतो. गंजलेल्या पिनेवरही तो १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः करंट ओढतच नाही. त्याऐवजी वायरीकडच्या कपलरच्या पिनांना इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावा. एसी चालू असताना बल्ब लख्ख पेटला पाहिजे. मिणमिणला, तर वायरीत, अर्थमध्ये किंवा कपलरमध्ये रोध आहे.

कपलर उजेडात धरून बघाच. पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलं असेल, पिन निळसर-काळी पडली असेल, तर दोन्ही दुखणी इथे एकमेकांत मिसळली आहेत. जुनी मोटर जड होत गेली, जास्त करंट ओढू लागली, त्या उष्णतेने पिन सैल झाली. आता नवी मोटर त्याच जळक्या कपलरवर बसवली, तर सैल पिन पुन्हा तापणार. नवी असेंब्ली आठवड्यात बंद पडते ती बऱ्याचदा यामुळेच. मोटर बदलताना कपलरही बदला.

बल्ब पेटलाच नाही, तर फ्यूज पाहा. फ्यूज उडाला असेल तर जास्त अँपिअरचा घालू नका, आधी मोटर हाताने मोकळी फिरते का ते तपासा. मग रिले, म्हणजे छोट्या करंटने फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा, दोन मिनिटांचं काम. रिलेच्या ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिनांमध्ये मल्टिमीटरवर साधारण ६० ते १०० ओहम मिळाले तर कॉइल शाबूत. पण फॅनचा करंट नेणाऱ्या ३० आणि ८७ या पिनांमधले कॉन्टॅक्ट जळलेले असू शकतात, म्हणून नुसत्या टिकटिक आवाजावर विश्वास ठेवू नका.

एसीवर फिरतो पण तापल्यावर नाही, अशा गाडीत कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा कपलर काढून किल्ली चालू करा. सेन्सर तुटला असं समजून अनेक गाड्यांचा ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) फॅन पूर्ण वेगाने लावतो. फिरला, तर फ्यूज, रिले, मोटर सगळं ठीक, संशय सेन्सरवर किंवा कूलंटवर. कूलंट कमी झाला की सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि इंजिन उकळत असतानाही खोटं तापमान सांगतो. जुन्या गाड्यांत थर्मोस्विच, म्हणजे पाणी तापलं की फॅन लावणारा स्विच, रेडिएटरवरच असतो. तिथे थर्मोस्टॅट (तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बंद अडकला तर गरम पाणी स्विचपर्यंत पोचतच नाही. खालचा होज गार, वरचा चटका देणारा, ही त्याची खूण. थर्मोस्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून फॅन फिरला, की स्विचपासून मोटरपर्यंतची सगळी वाट ठीक.

दुरुस्तीनंतर एसी बंद ठेवून गाडी आयडलवर उभी करा. साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास फॅन लागला पाहिजे, पाच-सात अंश उतरल्यावर बंद झाला पाहिजे. असं दोनदा होईपर्यंत थांबा. कूलंटची पातळी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच बघा, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.