तार ताणली की डांब नेमका कुठं हलतो?

तासगाव बाजूला ज्यानं डांब म्हणजे खांब रोवून, तारा ताणून द्राक्षाचा मांडव उभा केलाय त्याला दातांच्या तारेचं अर्धं गणित आधीच येत असतं, हे मला मिरजेत एका दवाखान्याच्या बाकड्यावर बसून कळलं. भाची नववीत आहे, एक सुळा वर चढलेला, पुढचे दात जरा जास्तच पुढं, म्हणून तिला ब्रेसेस बसवायला घेऊन गेलो होतो. नंबर यायला वेळ होता, तर तिनं विचारलं, मामा, ही तार दात ओढते म्हणजे दात हाड कापत कापत जातो का? आता मी पडलो मेकॅनिकलवाला, कॉलेजात फायनाइट एलिमेंट नावाच्या कॉम्प्युटरवरच्या हिशोबाच्या पद्धतीवर प्रोजेक्ट पण केलेला (ब्रॅकेटवरच, फक्त दातावर चिकटवून तार धरतात तो नव्हे, भिंतीतला पंखा धरायचा ब्रॅकेट होता), त्यामुळं उत्तर देणं आलंच.

पहिली गोष्ट म्हणजे दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामधे बारीक तंतूंचा एक थर असतो, त्याला पेरिओडोंटल लिगामेंट म्हणतात, डॉक्टर लोक नुसतं पीडीएल म्हणतात. जाडी साधारण ०.२ मिलीमीटर, म्हणजे वहीची दोन पानं एकावर एक ठेवली तर जेवढी भरतील तेवढी. दात या तंतूंना लटकलेला असतो आणि तार लावल्यावर जे काही व्हायचं ते या दोन पानांत होतं. एका बाजूला थर दाबला जातो, तिथं हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात, दुसऱ्या बाजूला तो ताणला जातो, तिथं नवीन हाड भरत जातं, आणि दात साधारण महिन्याला एक मिलीमीटर या चालीनं सरकतो. कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून सँडस्टेट नावाच्या माणसानं हे १९०४-०५ च्या सुमारास दाखवलं होतं. तेव्हा कापत वगैरे काही जात नाही, हाडच रस्ता करून देतं.

आता डांबाकडं या. रानात डांब रोवला आणि वरच्या टोकाला तार बांधून ओढली तर अख्खा डांब सरकत येत नाही, वरचं टोक तारेकडं झुकतं आणि खालचं टोक मातीत उलट्या बाजूला दाबत जातं. पाऊस पडून रान मऊ झालेलं असेल तर बघायलाच नको. दाताचं अगदी तसंच. ब्रॅकेट चिकटवलेला असतो वर, दिसणाऱ्या भागावर, आणि जिथं ढकललं तर दात न कलता सरळ सरकेल ती जागा असते खाली हाडात, एकमुळी दाताला हाडाच्या कडेपासून मुळाच्या एक तृतीयांश ते निम्म्या खोलीपर्यंत कुठंतरी. तिथं तर हात पोचत नाही. मग करतात काय, की वरून ढकलता ढकलता दाताला पीळ पण देतात, चौकोनी खाचेत चौकोनी तार बसवून. ब्रॅकेट आणि ती जागा यांच्यात साधारण १० मिलीमीटर अंतर धरलं तर १०० ग्रॅमच्या ढकलण्याला हजार ग्रॅम-मिलीमीटरचा पीळ लागतो. पीळ कमी पडला की दात कलतो, जास्त झाला की मूळच आधी पळायला लागतं.

आणि शेवटच्या डांबाला आपण ताण देतो, दगड पुरून, नाहीतर सगळी ओळच आत ओढली जाते. दातात ते काम दाढा करतात. पण दाढ म्हणजे काही पुरलेला दगड नव्हे, पुढचे दात मागं ओढताना ती पण पुढं यायला बघते, न्यूटनला काय त्याचं. म्हणून आजकाल हाडात छोटा स्क्रू बसवून त्यालाच तार बांधायची सोय निघालीय.

तर हा दाब त्या दोन पानांत कुठं किती पडतो हे मोजायचं कसं? जिवंत माणसाच्या त्या फटीत सेन्सर तर घालता येत नाही. इथं कॉम्प्युटर येतो, आणि त्याची पद्धत मूळची विमानवाल्यांची. १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या पंखांचा हिशोब करायला मोठ्या आकाराचे छोटे छोटे तुकडे पाडून गणित मांडलं, १९६० मधे क्लफनं त्याला फायनाइट एलिमेंट हे नाव दिलं, आणि १९७० च्या दशकात ते दातांपर्यंत येऊन पोचलं. जबड्याचा थ्रीडी स्कॅन घ्यायचा, त्यातून दात, हाड, ब्रॅकेट, तार वेगवेगळे काढायचे आणि प्रत्येकाचे चौपृष्ठी बारीक तुकडे पाडायचे. एकेक तुकडा म्हणजे एकेक स्प्रिंग समजा, किती दाबला की किती हलेल एवढंच त्याला माहीत. तुकड्यांचे कोपरे एकमेकांना जोडलेले, प्रत्येक कोपरा तीन दिशांना हलू शकतो, म्हणजे दोन लाख कोपरे झाले तर सहा लाख समीकरणं एकदम सोडवायची. कागदावर कोण करणार. कॉम्प्युटर करतो आणि निळ्यापासून लालपर्यंत रंगवलेला दात समोर ठेवतो.

ते चित्र दिसतं भारी. पण मला विचाराल तर खरी गोम त्या थरातच आहे. दाताचं वरचं कवच, इनॅमल, त्याचा कडकपणा साधारण ८० हजार मेगापास्कल (कडकपणा मोजायचं माप) धरतात. पीडीएलसाठी बऱ्याच मॉडेलमधे ०.७ च्या आसपासचा आकडा टाकतात. लाखापेक्षा जास्त पटीचा फरक, म्हणजे सगळी हालचाल त्या मऊ थरातच होणार आणि त्याचा आकडा चुकला की उत्तर चुकलं. आणि नेमका हाच आकडा वेगवेगळ्या लोकांनी शेकडो पटींच्या फरकानं धरलेला आहे! वरून गंमत म्हणजे स्कॅनचा एक ठिपकाच ०.२-०.३ मिलीमीटरचा असतो, त्यात एवढा पातळ थर नीट दिसतच नाही, मग बरेचजण मुळाभोवती सरसकट ०.२ मिलीमीटरचं अस्तर स्वतःच आखून घेतात. ज्याच्यावर सगळं अवलंबून तेच हातानं आखलेलं.

तरी मॉडेल फुकट नाही जात. किती सरकेल हा आकडा सोडा, पण दोन पद्धतींची तुलना, म्हणजे ब्रॅकेट दोन मिलीमीटर खाली चिकटवला तर काय, स्क्रू इथं मारला तर काय आणि तिथं मारला तर काय, हे ते चांगलं सांगतं. दात नुसता कलला तर दाब हाडाच्या कडेला आणि मुळाच्या टोकाला गोळा होतो, सरळ सरकला तर सगळ्या बाजूवर पसरतो, हे चित्रात स्वच्छ दिसतं. म्हणून तर कलवायला ३५ ते ६० ग्रॅम पुरतात आणि सरळ सरकवायला ७० ते १२० लागतात. हे वजन केवढं, तर साधारण एका लिंबापासून दोन-तीन लिंबांपर्यंत. जास्त लावलं म्हणून दात लवकर पळत नाही, उलट दाबलेल्या बाजूचा रक्तपुरवठाच बंद पडतो, तिथलं काम थांबतं आणि मुळं झिजायचा धोका वाढतो. तारेचं पण असंच, गोल तारेचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, ०.०१४ इंचाची काढून ०.०१८ ची घातली तर जवळजवळ पावणेतीन पट. सुरुवातीला बारीक आणि लवचीक निकेल-टायटॅनियमची तार का घालतात ते यावरून कळावं. हा धातू पण दातांसाठी निघालेला नाही बरं का, अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत ब्यूलर नावाच्या संशोधकाला सापडला, आणि १९७० च्या सुमारास दातांचे डॉक्टर अँड्रियासन यांनी तो दातांत आणला.

एवढं सगळं ऐकून भाची म्हणाली, मग भडंग खाताना तर दातावर याच्यापेक्षा कितीतरी जोर पडत असेल, तेव्हा का नाही सरकत दात? प्रश्न एकदम बरोबर होता. चावताना शंभर न्यूटन सहज पडतो, म्हणजे दहा किलोच्या आसपासचा जोर, तारेच्या शंभरपट वगैरे. पण तो एक सेकंदसुद्धा टिकत नाही, तेवढ्यात थरातलं पाणी बाहेर निघायला वेळच मिळत नाही, ते गादीसारखं दाब झेलून घेतं. तार मात्र रात्रंदिवस दाबत बसते, पाणी हळूहळू सरकतं, तंतू दबतात आणि मग पेशी जाग्या होतात. साध्या मॉडेलमधे वेळ हा प्रकारच नसतो, तार लावल्याचा पहिला क्षण तेवढा असतो.

डॉक्टरांनी मात्र भडंग बंदच केलं, दात सरकेल म्हणून नाही, शेंगदाण्यानं ब्रॅकेट निघतो म्हणून. घरी आल्यावर मी तिला मोबाईलवर तसं एक रंगीत चित्र दाखवलं. तिनं लाल भागावर बोट ठेवून विचारलं, इथं दुखणार का? म्हटलं रंगाचं काही मनावर घेऊ नकोस, बाजूच्या पट्टीवरचा आकडा बघ, सॉफ्टवेअर सगळ्यात मोठ्या आकड्याला लालच रंगवतं, मग तो पाच असो की पाचशे. त्या रात्री ती निवांत जेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी आमटीत भात कालवून बसली होती, न चावता गिळत, आणि माझ्याकडं रागानं बघत म्हणाली, मामा, तुमचं चित्र कालचं होतं, दुखतंय आज.