पहाटे चोरून सुरू झालेली शर्यत: तरुणांच्या टाइम ट्रायलची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये सायकलिंगचा विषय निघाला की गाडी लांब पल्ल्याकडेच वळते. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. भारतीय संघाला तोवर ते जमलं नव्हतं. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने संपवली. त्यानंतर २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, इथे घराघरांत पोचल्या. घड्याळ त्यांतही असतं, पण ते मुदत सांगण्यापुरतं. ठरलेल्या वेळेत पोचलात की झालं, पहिला कोण आणि शेवटचा कोण हे कुणी विचारत नाही.

आता त्याच घरांतली सोळा-सतरा वर्षांची मुलं दुसऱ्याच प्रकाराबद्दल, टाइम ट्रायलबद्दल, विचारू लागली आहेत. वीस-तीस किलोमीटर, एकट्याने, पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवायची सोय नाही आणि निकाल सेकंदाच्या अंशावर. जागतिक अजिंक्यपदात कुमार गटाला (१७ आणि १८ वर्षं) आणि २३ वर्षांखालील गटाला ही शर्यत स्वतंत्रपणे खेळता येते. पण हा मान तरुणांना फार उशिरा मिळाला.

मूळ प्रकार जन्मला तो इंग्लंडमध्ये, आणि तोही पोलिसांच्या धाकाने. १८९४ मध्ये लंडनच्या उत्तरेकडच्या रस्त्यावर एका शर्यतीतल्या सायकलस्वारांमुळे घोडागाडीचा घोडा बुजला, आरडाओरड झाली, तक्रारी गेल्या. रस्त्यावर घोळक्याने शर्यत लावणं धोक्याचं ठरलं आणि पुढे तिथल्या सायकल संघटनेनेच त्यावर बंदी आणली. फ्रेडरिक बिडलेक नावाच्या गृहस्थाने तोड काढली: घोळकाच नको! ५ ऑक्टोबर १८९५ रोजी नॉर्थ रोड क्लबची पन्नास मैलांची शर्यत झाली, तिच्यात स्वार एकामागून एक, ठरावीक अंतराने सोडले गेले. पाहणाऱ्याला वाटावं, कुणी तरी एकटाच घाईने कामाला निघालाय.

पुढची कित्येक वर्षं हा कारभार जवळजवळ गुप्तपणे चालला. सुरुवात भल्या पहाटे, गावाबाहेर. अंगात नखशिखान्त काळे कपडे. मार्गांना नावं नाहीत, फक्त सांकेतिक अक्षरं आणि आकडे, आणि ते सभासदांनाच ठाऊक. ब्रिटनमध्ये हे मार्ग आजही अशाच संकेतांनी ओळखले जातात, आता लपवण्यासारखं काही उरलेलं नसतानाही.

युरोपच्या मुख्य भूमीवर मात्र याच प्रकाराचा तमाशा झाला, चांगल्या अर्थाने. ‘पारी-स्वार’ या फ्रेंच वृत्तपत्राला खप वाढवायचा होता, म्हणून १९३२ मध्ये ‘ग्रां प्री दे नासियों’ सुरू झाली. अंतर सुमारे १४० किलोमीटर. म्हणजे नाशिकहून निघून जवळजवळ ठाणे गाठायचं, आणि वाटेत कुणाच्याही पाठीचा आडोसा नाही. पहिल्या वर्षी मॉरिस आर्शांबो जिंकला. १९३३ मध्ये इटलीच्या जिरोने आणि १९३४ मध्ये फ्रान्सच्या तूर द फ्रान्सने, या अनेक दिवसांच्या मोठ्या शर्यतींनी, आपल्या टप्प्यांत टाइम ट्रायल घातली. ही पक्क्या, मुरलेल्या गड्यांची शर्यत आहे, असा तेव्हा सर्वांचा समज होता. कोवळ्या पोराला एवढा वेळ स्वतःला पिळून काढणं झेपणार नाही, असंच म्हटलं जाई.

१९५३ मध्ये एका पोराने तो समज मोडला. नॉर्मंडीतल्या स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या घरातला जाक आंक्तील त्या वर्षी ‘ग्रां प्री दे नासियों’त उतरला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. दुसऱ्या क्रमांकाला सहा मिनिटांहून जास्त मागे टाकून तो जिंकला. पुढे हीच शर्यत त्याने एकूण नऊ वेळा जिंकली. तरीही त्याच्याकडे अपवाद म्हणून पाहिलं गेलं. तरुणांसाठी वेगळी शर्यत असावी, असं त्यावरून कुणाला सुचलं नाही.

गटवारी आली ती चार दशकांनी. कुमारांची जागतिक स्पर्धा १९७५ पासून होती, पण कुमार मुलांची वैयक्तिक टाइम ट्रायल तिच्यात आली १९९४ मध्ये, त्याच वर्षी वरिष्ठांचीही सुरू झाली म्हणून. त्याआधी हौशी खेळाडूंसाठी चौघांच्या संघाची १०० किलोमीटरची शर्यत असे. मग हौशी आणि व्यावसायिक हा भेदच गेला आणि त्यातून २३ वर्षांखालील गट उभा राहिला. १९९६ पासून त्याची टाइम ट्रायल होते. फ्रान्सच्या वांदे भागातल्या लेझेर्बिए गावात १९८२ पासून चालणाऱ्या शर्यतीचं नाव २००६ मध्ये ‘क्रोनो दे नासियों’ झालं, आणि २००४ नंतर बंद पडलेल्या जुन्या ‘नासियों’चा वारसा तिच्याकडे आला. तिथे वरिष्ठांबरोबरच तरुण आणि कुमारही धावतात.

एकदा दार उघडल्यावर आत कोण आले ते पाहा. स्वित्झर्लंडचा फाबियान कांचेलारा १९९८ आणि १९९९ मध्ये टाइम ट्रायलचा कुमार जागतिक विजेता होता. पुढे वरिष्ठ गटात चार जागतिक विजेतेपदं आणि दोन ऑलिंपिक सुवर्णं. डेन्मार्कच्या मिकेल बियेर्गने २०१७ ते २०१९ सलग तीन वर्षं २३ वर्षांखालचा गट जिंकला. आणि बेल्जियमचा रेमको एव्हनपूल! फुटबॉल सोडून त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. २०१८ मध्ये इन्सब्रुकला २७.८ किलोमीटरची कुमार टाइम ट्रायल त्याने तेहतीस मिनिटांच्या जरा पुढे संपवली. हे अंतर साधारण नाशिक-त्र्यंबक एवढं. मेळा नसतानाही या रस्त्यावर गाडीला किती वेळ लागतो, हे नाशिककरांना सांगायला नको.

मुलींची कथा अजून ताजी आहे. २३ वर्षांखालील मुलींना स्वतंत्र टाइम ट्रायल मिळाली ती थेट २०२५ मध्ये, रवांडातल्या किगालीत. ब्रिटनची झोई बॅकस्टेड ती जिंकली. त्याआधी त्यांचा निकाल मोठ्यांच्या शर्यतीतूनच वेगळा काढला जाई. मुलांच्या गटानंतर तब्बल एकोणतीस वर्षांनी, हा उशीर कुठल्याच कारणाने पटत नाही.

फ्रेंच लोक टाइम ट्रायलला सत्याची शर्यत म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. १९८९ च्या तूरमध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँ ५० सेकंदांनी मागे होता. त्याने हँडलला पुढे झेपावणारे बार लावले, लांबट हेल्मेट घातलं आणि २४.५ किलोमीटरमध्ये आघाडीवरच्या लोराँ फिन्योंला मागे टाकून तूर ८ सेकंदांनी जिंकली. त्या दिवसापासून पायांइतकंच महत्त्व हवा कापण्याला आलं, आणि हवा कापायला पैसा लागतो. टाइम ट्रायलची खास सायकल, आऱ्यांऐवजी बंद तबकडीचं चाक, घट्ट सूट हे सगळं घेताना मध्यमवर्गीय घराचा हिशेब कोलमडतो. कुमारांना जपायला एक जुना नियम होता: पेडलच्या एका फेरीत सायकल ७.९३ मीटरपेक्षा पुढे जाता कामा नये. कोवळ्या गुडघ्यांवर जड गिअरचा भार पडू नये, हा हेतू. २०२३ पासून जागतिक संघटनेने ती मर्यादा काढली. आता ही राखण प्रशिक्षकालाच करावी लागते.

महाराष्ट्राने सायकल शर्यत पाहिली ती बहुधा घोळक्याची. १९४५ पासूनची मुंबई-पुणे आणि तिच्यातला ‘घाटाचा राजा’ हेच आपलं ठळक चित्र. घड्याळाच्या लढतीत भारतीय मुलांनी नाव काढलं ते रस्त्यावर नव्हे, ट्रॅकवर: २०१९ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट-ओडरला कुमारांच्या जागतिक स्पर्धेत सांघिक स्प्रिंटमध्ये सुवर्ण. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यत झाली, तिची सुरुवात प्रोलॉगने, म्हणजे छोट्या टाइम ट्रायलने झाली. पण ती वरिष्ठांची; सतरा-अठराच्या मुलांना तिथे जागा नाही. त्यांना आधी राज्य, मग राष्ट्रीय अजिंक्यपद, तिथून आशियाई आणि मग जागतिक, अशी एकेक पायरी चढावी लागते.