गोचीड निघाली, आता गोळी घ्यायची का?

पाऊस उघडून गवत गुडघ्याला लागलं की मराठवाड्यातल्या खेड्यांत गोचिडी वाढतात. काखेत, जांघेत, कानामागे किंवा कमरेच्या नाडीखाली काहीतरी चिकटल्यासारखं लागतं, चाचपून पाहिलं तर ती असते. पूर्वी माणूस ती उपटून फेकायचा आणि कामाला लागायचा. आता लोक गोचीड कागदात गुंडाळून दवाखान्यात येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "गोळी द्या की." हा प्रश्न अलीकडचा आहे.

आपल्याकडे फार काळ ही जनावराचीच बाब मानली गेली. गोचिडीमुळे रोग पसरतो हे १८९३ मध्ये अमेरिकेत गुरांच्या तापावरच सिद्ध झालं होतं, माणसाच्या ठिपक्यांच्या तापाचा धागा पुढच्या दशकात लागला. मराठवाड्यात देवणी आणि लाल कंधारी जनावरं अंगावर गोचिडी असूनही बऱ्यापैकी निभावून न्यायची. जर्सी आणि होल्स्टिन रक्ताच्या संकरित गाई दावणीला आल्या, कालवडी थायलेरिया या गोचिडीने पसरणाऱ्या रोगाने दगावू लागल्या, तेव्हा कुठे गोचिडीची धास्ती वाटायला लागली. गॅमॅक्झिनची पावडर सर्रास चोळली जायची. तिच्यावर १९९७ मध्ये बंदी आली, मग फवारे आणि इंजेक्शनं आली. या सगळ्यात गोठ्यातल्या माणसाकडे कुणी पाहिलं नाही. तरी धार काढणारी बाई, कोपीत बैलांशेजारी झोपणारी ऊसतोड कामगारांची पोरं, २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावणीत जनावरांपाशीच मुक्काम ठोकलेले शेतकरी, या सगळ्यांचं अंग गोचिडीला सारखंच मोकळं होतं.

काढायची कशी, यावर खरं तर वाद उरलेला नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत एका अभ्यासकाने घरगुती उपाय एकेक करून तपासले: व्हॅसलीन, नेलपॉलिश, स्पिरिट, पेटवून विझवलेली गरम काडी. एकानेही गोचीड सुटली नाही. तिच्या तोंडाला मागे वळलेले काटे असतात, वर ती कातडीत सिमेंटसारखा चिकट द्रव सोडते. गुदमरली म्हणून ती लगेच तोंड काढत नाही, आणि चटका दिला किंवा पोट दाबलं तर पोटातलं जखमेत उतरण्याची भीती असते. उपाय एकच, बारीक टोकाचा चिमटा. भुवया कोरायचा चालतो. पोट नव्हे, कातडीलगतचं तोंड धरायचं, न पिळता, न झटकता सरळ वर एकसारखा ताण द्यायचा. अर्ध्या मिनिटात निघते. चिमटा नसेल तर बोटांना प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून काढावी. मग साबणाने धुवायचं. तोंड तुटून काळा ठिपका आत राहिला आणि सहज निघत नसेल तर सुईने कोरत बसू नये, कातडी तो आपोआप बाहेर टाकते.

तरी गावात रॉकेलचाच बोळा चालतो. रेशनचं रॉकेल आटलं तशी त्याची जागा गाडीतल्या पेट्रोलने घेतली, आणि व्हॉट्सअॅपवरून लिक्विड साबणाचा बोळाही आला. काढलेली गोचीड नखावर फोडायची सवय त्याहून वाईट. रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी झालेली मादी फुटली की ते रक्त बोटाच्या चिरेत जाऊ शकतं, आणि काँगो ताप, म्हणजे गोचिडीने पसरणारा विषाणूचा ताप, अशा रस्त्यानेही लागतो. ती चिकटपट्टीत दाबून ठेवावी आणि वर तारीख टाकावी.

आता गोळीचं. चावल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस, हा सल्ला इंटरनेटवर सगळीकडे सापडतो. तो २००१ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीवर उभा आहे आणि लाइम या गोचिडीने पसरणाऱ्या रोगापुरता आहे. तो रोग नेणारी तिथली गोचीड वेगळी, जंतू वेगळा. मराठवाड्यात गुरांवर आणि कुत्र्यांवर असते ती गोचीड ती नव्हे. आपल्याकडे भीती आहे ती मुख्यतः रिकेट्सिया जंतूंच्या, म्हणजे ठिपक्यांच्या तापाची, आणि तो ताप येण्याआधी गोळी घेऊन टळतो असा भरवसा कुणी देत नाही. उलट डोस झाला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि आठव्या दिवशी ताप आला तर गोचिडीचं नावही काढत नाही. तालुक्याच्या गावी ही गोळी सरसकट लिहून दिली जाते, ती माझ्या मते पेशंटच्या समाधानापुरती असते.

गंमत अशी, की जिथे ही गोळी खरोखर हवी तिथे ती देताना हात आखडतो. चावल्यानंतर साधारण दोन आठवड्यांत ताप, जबर डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली, तळहात-तळपायांसकट पुरळ उठलं, तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करायचं असतं. पण पेशंट आठ वर्षांखालचा असला की दात पिवळे पडतील म्हणून थांबलं जातं. ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनची आहे. डॉक्सिसायक्लिनच्या छोट्या कोर्सने दातांवर डाग पडल्याचं २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं नाही, आणि त्याच वर्षी आपल्याकडे निघालेल्या मार्गदर्शक सूचनांतही मुलांसाठी वजनाप्रमाणे हेच औषध होतं. गरोदर बाईसाठी अॅझिथ्रोमायसिन. अजूनही पोराला आधी टायफॉइडची इंजेक्शनं लागतात, ताप हटत नाही, आणि मग रात्री संभाजीनगर किंवा नांदेड गाठावं लागतं. आईबापाने "आठ दिवसांखाली गोचीड चावली होती" एवढं आपणहून सांगितलं तरी बराच फरक पडतो.

मधल्या काही घडामोडींनी गोंधळ वाढवला. २०११ मध्ये गुजरातेत काँगो ताप निघाला, २०१६ मध्ये माकडताप सिंधुदुर्गात पोहोचला. दोन्ही गोचिडीनेच पसरतात, पण विषाणूंचे रोग, तिथे या गोळीचा उपयोग शून्य. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसचे पेशंट वाढले आणि तोही गोचिडीचाच ताप म्हणून बोलला गेला. तो पसरवणारी माइट या बारीक किड्याची अळी डोळ्याला जेमतेम दिसते, तिथे चिमट्याचा प्रश्नच येत नाही. चावल्याच्या जागी काळी खपली शोधायची. औषध मात्र तेच, डॉक्सिसायक्लिन.

२०२२ मध्ये गुरांच्या लम्पी त्वचारोगाची मोठी साथ आली तेव्हा माश्या-डासांबरोबर गोचिडींवरही संशय होता, आणि गावोगाव गोठे फवारले गेले. मादी अंगावरून गळून भिंतीच्या भेगांत हजारोंनी अंडी घालते, त्यामुळे नुसतं जनावर फवारून भागत नाही, भेगाही लिंपाव्या लागतात. फवारणाऱ्या गड्यांपैकी हातमोजे किती जणांच्या हातात होते, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही.