विमानातला धूर, खरा आणि खोटा : थोडी पार्श्वभूमी

विमानातले धुराचे डिटेक्टर तपासायला खोटा धूर सोडतात, त्या भानगडीची ही गोष्ट, पण सुरुवात टॉयलेटपासून. विमानाच्या टॉयलेटमध्ये गेलं की सिगारेटवर काट मारलेलं चित्र दिसतं आणि तिथेच दाराला चकचकीत अ‍ॅशट्रे पण असतो. वेडेपणा वाटतो, पण तो अ‍ॅशट्रे नियमानेच ठेवावा लागतो, कारण बंदी असली तरी कोणीतरी चोरून ओढणारच आणि ओढलीच तर थोटूक हात पुसायच्या कागदांच्या डब्यात जायला नको. हे शहाणपण आलं ते ११ जुलै १९७३ नंतर. रिओहून पॅरिसला आलेल्या बोइंग ७०७ विमानाच्या मागच्या टॉयलेटमध्ये आग लागली, रनवे जेमतेम ५ किलोमीटर राहिला होता आणि कॉकपिटमध्ये इतका धूर की समोरचे डायल दिसेनात, शेवटी पायलटने विमान शेतात उतरवलं. पण १३४ पैकी १२३ जण गेले, आणि त्यातले बरेचसे धुराने गुदमरून.

एवढं होऊनही टॉयलेटमध्ये डिटेक्टर सक्तीचा झाला नाही. त्यासाठी २ जून १९८३ उजाडावा लागला. डॅलसहून टोरांटोला निघालेलं डीसी-९ जातीचं विमान, मागच्या टॉयलेटच्या बाजूने धूर. त्याआधी फ्लश मोटरचे ३ ब्रेकर पडले होते, कॅप्टनने ते परत दाबून बघितले, बसले नाहीत, पुढे मागून निरोप आला की धूर कमी होतोय, मग खाली उतरायचं लांबलं. सिनसिनाटीला उतरले, दारं उघडली, बाहेरची हवा आत शिरली आणि ६० ते ९० सेकंदांत आख्खी केबिन पेटली. ४६ पैकी २३ गेले. आग नेमकी कशाने लागली ते शेवटपर्यंत पक्कं ठरलं नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत नियम आला : प्रत्येक टॉयलेटला धुराचा डिटेक्टर आणि कचऱ्याच्या डब्याला आपोआप फुटणारी विझवणी.

डिटेक्टर ही वस्तू तोवर पंचेचाळीसेक वर्षं जुनी झाली होती. १९३० च्या दशकाच्या शेवटी एक स्विस भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू पकडायचं यंत्र करत होता, वायूने काटा हलेना, वैतागून त्याने सिगारेट पेटवली तर काटा हलला. आयोनायझेशनवाला, म्हणजे हवेतल्या विद्युतभारित कणांवर चालणारा डिटेक्टर इथून सुरू झाला. पुढे त्यात अमेरिशियम-२४१ हा किरणोत्सारी पदार्थ आला आणि १९६५ च्या सुमारास बॅटरीवरचा घरगुती डिटेक्टर, त्याच्याही जन्मकथेत सिगारेट ओढणारा एक टेक्निशियन आहेच! आणि १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात टेलिफोन एक्स्चेंजसाठी डिटेक्टर निवडायच्या चाचण्या चालू होत्या, तिथे धूर मोजायला म्हणून आणलेलं वणव्याच्या संशोधनातलं यंत्र सगळ्या उमेदवारांपेक्षा तेज निघालं, म्हणजे परीक्षकालाच नोकरी मिळाली. हवा पाइपाने ओढून तपासणारे डिटेक्टर त्यातून आले. असो.

खरी भानगड टॉयलेटची नाही, सामानाच्या होल्डची आहे. तिथे माणूस नसतो आणि उडताना कोणी जाऊन बघू पण शकत नाही. जेट आले तेव्हा होल्डचे वर्ग पाडलेले होते आणि त्यातला एक होता क्लास डी. ह्याच्यात डिटेक्टर नाही, विझवणी नाही, काहीच नाही. कल्पना अशी की होल्ड छोटा, आतून न जळणारं अस्तर, हवा जवळजवळ बंद, आग लागलीच तर ऑक्सिजन संपेल आणि आपोआप विझेल. कागदावर छान वाटतं. ३ फेब्रुवारी १९८८ ला नॅशव्हिलला उतरणाऱ्या एका विमानात न सांगता भरलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे आग लागली, वर केबिनची जमीन गरम होऊन मऊ पडली, तेव्हा कळलं की खाली काहीतरी चाललंय. सगळे वाचले. अपघात तपासणाऱ्यांनी सांगितलं डिटेक्टर बसवा, तर अमेरिकेच्या विमान नियामकांनी १९९३ मध्ये हिशोब करून कळवलं की खर्चाच्या मानाने फायदा नाही. ११ मे १९९६ ला फ्लोरिडाच्या दलदलीत डीसी-९ कोसळलं, ११० जण गेले. होल्डमध्ये रासायनिक ऑक्सिजन जनरेटर होते, म्हणजे जी आग ऑक्सिजन संपून विझणार होती तिला ऑक्सिजन सामानातूनच मिळत होता. मग १९९८ मध्ये नियम निघाला आणि मार्च २००१ पर्यंत सगळे क्लास डी होल्ड बदलायचे ठरले. जो हिशोब १९९३ मध्ये जमत नव्हता तो ११० माणसांनंतर जमला, ह्यावर मी अजून काय लिहिणार.

आता ज्याच्यासाठी हे सगळं टाइप करायला घेतलं ते. कार्गो, म्हणजे सामानाच्या होल्डमधल्या डिटेक्टरच्या नियमात एक वाक्य आहे : आग सुरू झाल्यापासून १ मिनिटाच्या आत कॉकपिटमध्ये सिग्नल दिसला पाहिजे. पूर्वी ह्यासाठी ५ मिनिटं चालायची. १ मिनिट ऐकायला एकदम कडक वाटतं, पण आग "सुरू" कधी झाली? बॅगेतली वायर तापायला लागली तेव्हा, कापड करपलं तेव्हा, की ज्वाळ दिसली तेव्हा? आणि त्या पहिल्या मिनिटात धूर निघतो तरी किती? नियमात ह्याचा आकडा नाही. आणि उडत्या विमानात खरी आग लावून बघणं शक्य नाही, मग चाचणीत खोटा धूर सोडतात. म्हणजे नियम आगीचा आणि परीक्षा धुराच्या मशीनची.

हे मशीन म्हणजे मुळात नाटकवाल्यांचंच. लग्नाच्या स्टेजवर नवरा-नवरीच्या एन्ट्रीला डीजेवाला बटण दाबतो आणि फुस्स करून पांढरा ढग येतो ना, त्याचाच भाऊबंद. ग्लायकॉल किंवा मिनरल ऑइल तापवून बारीक थेंब उडवायचे. पण हे थेंब पांढरे असतात आणि उजेड भरपूर विखुरतात, आणि प्रकाशावर चालणारा डिटेक्टर नेमका विखुरलेला उजेडच बघतो, त्यामुळे तो खूश होऊन लगेच वाजतो. ज्वाळेच्या आगीची काजळी काळी, ती उजेड गिळून टाकते, तिथे तोच डिटेक्टर सुस्त. दुसरं, खरा धूर गरम असतो म्हणून सरळ छताला जातो आणि डिटेक्टर छतालाच असतात, स्टेजवाला धूर निवला की नवरदेवाच्या पायाशी लोळतो. मग मशीनला हीटर जोडा, धुरात हेलियम मिसळा, नळकांड्यातून वर सोडा असे उपाय निघाले. पण हीटर किती ठेवायचा, धूर किती सोडायचा ह्याचं एकच ठरलेलं माप कित्येक वर्षं नव्हतं, बराचसा भाग "हो, आगीसारखा दिसतोय" ह्या नजरेच्या अंदाजावर चालायचा. धूर जास्त सोडला की चाचणी सोपी, कमी सोडला की अवघड, आणि कारखान्याला कुठला आवडणार हे सांगायला नको.

आपल्याकडे बिल्डिंगमधले डिटेक्टर तपासायला बरेच जण स्टुलावर चढून अगरबत्ती धरतात. डिटेक्टर तपासायचा तयार स्प्रे वापरणारे त्यांना हसतात, पण निदान तो जळणाऱ्या वस्तूचा धूर तरी असतो.

२००० च्या आसपास अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सरकारी विमान-प्रयोगशाळेने ह्याच्यावर नीट काम केलं. वेगवेगळ्या प्लास्टिकचे दाणे दाबून ठोकळा केला, आत तापणारी तार घातली, करंट दिला की दर वेळी साधारण तसाच धूर, आणि हवं तर पेटवून ज्वाळ पण. जुन्या ७०७ च्या पुढच्या होल्डमध्ये हा ठोकळा जाळून मोजमापं घेतली आणि धूर कसा पसरतो ह्याचं कॉम्प्युटर मॉडेल त्यांच्याशी ताडून बघितलं. म्हणजे निदान खोटा धूर कशाच्या जवळ जायला पाहिजे ते तरी कळलं.

दुसऱ्या बाजूने फॉल्स अलार्म. तिथल्याच एका अभ्यासात १९९० च्या दशकाच्या शेवटच्या वर्षांचं प्रमाण साधारण २०० खोट्या अलार्मना १ खरा असं निघालं. फळं, भाज्या, जनावरं ह्यांचा दमटपणा, धूळ, कीटकनाशकाचा फवारा, काहीही चालतं. पण अलार्म आला की पायलटला जवळच्या विमानतळाकडे वळावंच लागतं, कारण खात्री करत बसणं महागात पडतं. १९८० मध्ये रियाधहून उडालेल्या विमानात मागच्या कार्गोची वॉर्निंग खरी का खोटी हे बघण्यात ४ मिनिटांहून जास्त गेली, विमान परत येऊन रनवेवर थांबलं सुद्धा, पण दारं वेळेत उघडली नाहीत आणि आतले सगळेच्या सगळे ३०१ जण गेले. आता निळा आणि इन्फ्रारेड असे दोन उजेड वापरून कणाचा आकार ओळखणारे डिटेक्टर आलेत, ते वाफ आणि धूर बऱ्यापैकी वेगळे काढतात. गंमत म्हणजे ह्यांची चाचणी स्टेजच्या धुराने केली तर ते त्याला पण वाफ समजून गप्प बसू शकतात! चांगला डिटेक्टर नापास व्हायचा, म्हणून मग त्यांच्यासाठी धुराची मशीनं परत सुधारावी लागली.

आणि ते १ मिनिट अजून तिथेच आहे. चाचणी होते बहुतेक रिकाम्या होल्डमध्ये, धूर मोकळ्या हवेत निघतो आणि छताला लागतो. प्रत्यक्षात माल बंद कंटेनरमध्ये असतो. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून उडालेल्या मालवाहू ७४७ मध्ये लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता, उड्डाणानंतर साधारण २२ मिनिटांनी वॉर्निंग आली आणि त्यानंतर आग इतक्या झपाट्याने वाढली की दोन्ही पायलट वाचले नाहीत. कंटेनरच्या आत आग कितीतरी वेळ धुमसू शकते, बाहेर धूर येईपर्यंत डिटेक्टरला काहीच दिसत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तपास यंत्रणेने शिफारस केली की कंटेनरच्या आतली आग लवकर कळेल अशा बेताने नियम बदला, म्हणजे घड्याळ बॅटरी पेटल्यापासून लावायचं का कंटेनरच्या फटीतून पहिला धूर बाहेर आल्यापासून, हा प्रश्न परत टेबलावर आला.